कार्ले खिंडीतली उलटी चढण

भात कापताना अंबाजीच्या पोटरीत विळा हाडापर्यंत शिरला, तेव्हा दुपार कलली होती. त्याच्या बायकोने, काशीने, लुगड्याचा पदर फाडून गुडघ्याखाली करकचून बांधला. रक्त तरी थांबेना. पोयनाडच्या नाक्यावर येसाजीची भाड्याची मोटर उभी होती. शेजाऱ्यांनी अंबाजीला उचलून तिच्या मागच्या बाकावर आडवं केलं.

येसाजीने आपल्या बैठकीची गादी उचलली आणि खालच्या टाकीत काठी बुडवली. जेमतेम दोन बोटं ओली झाली. पेट्रोलचे डबे धरमतरहून संध्याकाळी यायचे होते.

"अलिबागपातुर पुरंल?" काशीने विचारलं.

"सपाटीला पुरंल. खिंडीचं सांगवत न्हाय."

तो मोटर अगदी हळू हाकत होता. जरा उतार लागला की इंजिन बंद करायचा. काशी दोन्ही हातांनी गाठ आवळून बसली होती. अंबाजीचे ओठ पांढरे पडले होते.

"दादा, जोरात घ्या की!"

"जोर केला तर वाटंतच संपंल, बाय."

खिंडीच्या अर्ध्या चढावर मोटर ठसकली आणि बंद पडली. येसाजीने ब्रेक ओढला, खाली उतरून चाकामागे दगड लावला. पुन्हा काठी बुडवून पाहिली.

"पेट्रोल हाय. पण चढावर इंजिन वर गेलं, टाकी खाली ऱ्हायली. तिथवर पोचत न्हाय." त्याने वरच्या चढाकडे पाहिलं. "उलटी चढवतो. मंग इंजिन खाली येतंय. मागं जायच्या गिअरला ताकदबी जास्ती, पण पेट्रोल लई खातो."

"चढवा."

रस्ता रुंद होता तिथवर मोटर मागे घरंगळत नेऊन त्याने ती वळवली. हँडल फिरवलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं.

"मागं तुमी बगा, बाय. कडा जवळ आला की वरडा."

काशी गुडघ्यांवर बसली. हात गाठीवर, डोळे मागच्या रस्त्यावर. मोटर मागे मागे चढू लागली. डाव्या अंगाला दरी होती.

"दरी आली! इकडं घ्या, डोंगराकडं!"

वळणावर पेंढ्याने भरलेली बैलगाडी समोर आली.

"गाडी येतेय! थांबवा!"

"थांबली तर परत उठायची न्हाय!"

काशीने गळ्याच्या शिरा ताणून गाडीवानाला हाक दिली, "बैलं डोंगराला लावा! माणूस मरतोय!" गाडीवान उडी मारून बैलांच्या पुढ्यात गेला आणि त्यांना डोंगराकडे दाबत मागे सरला. पेंढा काशीच्या तोंडावर घासत गेला. बाहेरचं चाक कड्याच्या मातीवरून निसटलं, पुन्हा रस्त्यावर आलं. काशीने डोळे मिटले नाहीत.

माथ्यावर येसाजीने मोटर सरळ केली आणि इंजिन बंद करून उतार गाठला. खालच्या सपाटीवर ते पुन्हा सुरू केलं. अलिबागचं इस्पितळ समोर दिसत असताना पेट्रोल संपलं. येसाजीने अंबाजीला पाठीवर घेतलं. काशी गाठ न सोडता बाजूने धावली.

डॉक्टरांनी शीर बांधली, टाके घातले. गाठ सोडायला सांगितली तेव्हा काशीची बोटं उघडेनात. परिचारिकेने ती एकेक करून सोडवली.

तिसऱ्या दिवशी अंबाजीने पेज मागितली. वाटी त्याच्या हातात देऊन काशी व्हरांड्यात आली आणि भिंतीला टेकून पहिल्यांदा रडली.