बिनवाहनाच्या वाटेचा बंदोबस्त

स्पेन नावाचा देश पेडगावात पहिल्यांदा आला तो गुरुसिद्धप्पांच्या पेंडीच्या दुकानात, सरकीच्या पोत्यावर पालथ्या पडलेल्या त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर. राजेश्वर दुपारचा व्हिडिओ बघत होता. तिकडे म्हणे जुन्या रेल्वेचे रूळ उचलून तिथे नुसती खडी अंथरतात आणि तिच्यावरून फक्त सायकली जातात. एक माणूस ऑलिव्हच्या झाडांमधून निवांत चालला होता. पुढे गाडी नाही, मागे हॉर्न नाही, आणि सगळ्यात नवल म्हणजे वाटेत एकानेही त्याला थांबवून "कुठं निघालाव?" असं विचारलं नाही. एवढं सुख माणसाला सोसतं कसं, हेच राजेश्वरला कळेना.

मग त्याला पाटाची वाट आठवली. कालव्याच्या कडेने, मोठ्या रस्त्याच्या फाट्यापासून थेट गावापर्यंत, मुरुमाची वाट. ऑलिव्हच्या जागी बाभळी, बाकी सगळा स्पेनच. वर्दळ म्हणाल तर किशनरावांची म्हैस, तीही तिच्या मनात आलं तर. त्याने त्या वाटेचा व्हिडिओ काढला, खाली लिहिलं 'मराठवाड्यातला स्पेन', आणि आठवड्याच्या आत नांदेडहून फोन आला.

फोन मनिषाताईंचा होता. त्या दातांच्या डॉक्टर, आणि तिकडच्या सायकलवाल्यांच्या टोळीच्या म्होरक्या.

"वाटेवर गाड्या नाहीत ना? नक्की सांगा. मागच्या खेपेला वाळूच्या हायवा ट्रकनं आम्हाला उसात घातलं होतं. एकाची सायकल साखर कारखान्यातून परत आणावी लागली."

"ताई, येकबी गाडी दिसली तर माझं नाव बदला," राजेश्वर म्हणाला.

इतवारी यायचं ठरलं. सकाळी फाट्यावरून निघायचं, दुपारी राजेश्वरच्या घरी भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी. राहिला प्रश्न गुरुसिद्धप्पांचा. त्यांचं मत असं की रस्ता ही माल आणायची गोष्ट आहे, हिंडायची नव्हे.

"म्हंजे लोक नांदेडहून येणार, खडीवर आपटणार, आन् वरून आपल्यावरच खुश होऊन जाणार?"

"व्हय अप्पा."

"त्यांला डॉक्टर दाखवलाय का?"

"त्यांच्यात येक डॉक्टरच हाय."

"मंग अवघड हाय." गुरुसिद्धप्पांनी तराजू पुसला. "हे बघ, हा इतवार तुझा. पाव्हणे हसत गेले तर पुढचेबी इतवार तुझे. तक्रार आली तर सोमवारपासून या गादीवर बसायचं, आन् सायकल मी भंगारात घालणार."

दुकानाच्या गादीवर बसलेला माणूस तिथून एकदम साठाव्या वर्षीच उठतो, हे राजेश्वरने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून कसलीही जोखीम नको असं ठरवून तो दिनकररावांकडे गेला. चूक झाली ती एवढीच.

दिनकरराव म्हणजे गावातला बंदोबस्त. जत्रा असो, पुढारी येणार असो की कुणाच्या घरी सोयरीक बघायला माणसं येणार असोत, खिशात शिट्टी घालून ते हजर. गावात पाव्हणा येणार आणि बंदोबस्त नाही, म्हणजे त्यांच्या मते पाव्हण्याचा अपमान.

"काका, इतवारी सकाळी पाटाच्या वाटंवर कुणाची गाडी नगं. बस, एवढंच," राजेश्वर म्हणाला.

"बस?" दिनकरराव उठून उभे राहिले. "लेकरा, नांदेडची माणसं येणार, आन् गावाच्या इज्जतीचा सवाल, आन् तू बस म्हणायलास? तू घरी जा. इंतजाम माझ्याकडं."

इतवार उजाडला. राजेश्वर सायकलवर पाटाकडे निघाला तेव्हा गावात सामसूम होती. पारावर कुणी नाही, हॉटेल बंद, आणि जी गोष्ट दसऱ्यालाही घडत नाही ती घडलेली, गुरुसिद्धप्पांच्या दुकानाला कुलूप. त्याला बरं वाटलं. लोकांनी मनावर घेतलं म्हणायचं.

लोकांनी मनावरच घेतलं होतं. पाटाच्या वाटेवर तोंडापासून नजर पोचेल तिथवर गाड्या होत्या.

दर वळणावर गाडी अडवायला एक माणूस पाहिजे, असं दिनकररावांनी ठरवलं होतं. तो माणूस तिथवर जाणार कसा, म्हणून त्याला मोटारसायकल. त्या माणसांना चहा पाहिजे, म्हणून अॅपे रिक्षा. धूळ उडू नये म्हणून पाण्याचा टँकर, आणि टँकर मुरुमात फसला म्हणून त्याला ओढायला ट्रॅक्टर. मग शेजारच्या पिंगळी गावापर्यंत बातमी गेली की पेडगावात बिनवाहनाची वाट निघाली आहे. असली चीज आयुष्यात कुणी बघितलेली नव्हती, त्यामुळे माणसं जीप करून बघायला आली. बायनाबाईंचा अख्खा बचतगट ट्रॉलीत बसून आला होता. बजरंगने पिकअपवर भोंगे चढवले होते आणि तो मोठ्या आवाजात सांगत होता, "शांतता राखा. ही वाट शांततेसाठी राखीव हाय."

मधोमध दिनकरराव शिट्टी फुंकत उभे होते.

"बघ," ते म्हणाले, "सकाळपासून येक गाडी सोडली न्हाई."

"काका, मंग ह्या काय हायत?"

"ह्या बंदोबस्ताच्या. ह्यांला गाड्या म्हणत नसतेत."

"ह्या काढा की बाजूला."

"काढायला येक ट्रॅक्टर मागवला व्हता. तो बघ, आडवा झालाय. त्याला काढायला दुसरा सांगितलाय, तो अॅपेच्या मागं हाय."

राजेश्वर बाभळीखाली टेकला. गादीचा लोड त्याच्या पाठीला टोचू लागला, आताच. तेवढ्यात फोन वाजला.

"आम्ही फाट्यावर पोचलो," मनिषाताई म्हणाल्या. "अहो, काय शांत आहे इथं. निघू का?"

"जरा थांबा ताई, तिथून आत वळायचंय," म्हणत तो कालव्याच्या भरावावर चढला आणि त्याने मोठ्या रस्त्याकडे पाहिलं.

मोठा रस्ता मोकळा होता. नुसता मोकळा नाही, आईने सारवलेल्या अंगणासारखा मोकळा. एरवी त्याच्यावर चालणारं झाडून सगळं या क्षणी पाटावर अडकलं होतं. आणि ठेकेदाराने रुंदीकरणासाठी त्याचं डांबर उखडून, खडी पसरून, जे तोंड काळं केलं होतं त्याला दुसरी दिवाळी येत होती. खडी होती. गाडी नव्हती. दोन्ही बाजूंनी बाभळी होत्या.

"ताई," राजेश्वर म्हणाला, "वळू नका. सरळ या. हाबी रस्ता गावातच येतो."

कपाशीच्या शेतातून सायकल खांद्यावर घेऊन धावत तो त्यांना गाठेपर्यंत टोळी अर्ध्या वाटेत आली होती. मनिषाताईंचा चेहरा सुपारीएवढी किडलेली दाढ सापडल्यासारखा फुलला होता.

"ही खडी तुम्ही मुद्दाम टाकून घेतली?"

"मुद्दाम न्हाई. पर काढायचंबी कुणाच्या मनात न्हाई."

"आणि मागं 'काम चालू, रस्ता बंद' असा फलक होता. आमच्यासाठी रस्ता बंद ठेवलात?"

राजेश्वरला खोटं बोलवेना. "ताई, तो आधीपासूनच बंद हाय. लोक मानत नव्हते. आज पहिल्यांदाच मानलं."

पाटाकडून बजरंगचा आवाज आला, शांतता राखा.

"तिकडं जत्रा आहे का?"

"तिकडं बिनवाहनाची वाट हाय."

"आणि हा रस्ता कोणता?"

"हा मोठा रस्ता."

मनिषाताईंनी थोडा विचार केला. मग उसात पडलेल्या माणसाला जास्त विचार परवडत नाही हे आठवून त्यांनी पायडल मारलं.

घरी त्याच्या आईने, सिद्धम्मांनी, भाकऱ्या थापल्या. पाव्हणे पोटभर जेवले, पोट धरून हसले, आणि तितक्याच मोकळ्या रस्त्याने परत गेले. दिवे लागायच्या वेळेला गुरुसिद्धप्पा घरी आले. धोतर मुरुमाने लाल, लुना हाताने ढकलत.

"अप्पा, तुमी कुठं व्हता?"

"बिनवाहनाची वाट बघायला गेलतो. टँकरच्या मागं अडकलो." ते ओट्यावर बसले. "पाव्हणे?"

"येऊन गेले."

"हसत?"

उत्तर सिद्धम्मांनी दिलं. "खिदळत गेले. त्या डॉक्टरीणबाई तर माझी दाढ फुकट बघून गेल्या."

गुरुसिद्धप्पांनी पत्नीच्या दाढेकडे आणि मुलाच्या सायकलकडे आळीपाळीने पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "पुढचा इतवार तुझा. म्या बोललेलं फिरवत नसतो."

तेवढ्यात मनिषाताईंचा निरोप आला. पुढच्या इतवारी त्या अख्खा क्लब घेऊन येणार, लातूरचेही मागे लागलेत. रस्ता मात्र अगदी हाच पाहिजे. असाच मोकळा.

राजेश्वर चप्पल अडकवून दिनकररावांकडे गेला. ते अंगणात, पाव्हण्यांसाठी आणलेल्या आणि आता सुकलेल्या हारांच्या ढिगाशेजारी मान खाली घालून बसले होते.

"इतका बंदोबस्त केला," ते म्हणाले, "आन् पाव्हणे फिरकलेच न्हाईत. गाव काय म्हणंल?"

"काका, पुढच्या इतवारी परत येणार हायत. जास्त येणार हायत." राजेश्वर त्यांच्या शेजारी बसला. "पाटाच्या वाटंवर येकबी गाडी नगं. ह्या बारीला बंदोबस्त कडक पायजे."

दिनकररावांनी मान वर केली. शिट्टी शर्टाला पुसली.

"तू काळजीच करू नको," ते म्हणाले. "ह्या बारीला क्रेन सांगतो."