बुजवलेलं भोक

शिपायाच्या टोपाच्या डाव्या अंगाला, कडेपासून चार बोटं वर, कथलाचा एक करडा ठिपका आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कॅलिपरने मी तो मोजला. नऊ मिलिमीटर. भोवतालचा पितळी पत्रा अर्धा मिलिमीटर. आमचा पाण्याचा तांब्या याहून जाड आहे.

टोप माझ्या वडिलांचा, मल्हारींचा. मेंढरं सोडून ते निजामाच्या फौजेत गेले आणि उंच म्हणून समारंभाच्या पहाऱ्यावर निवडले गेले. माथ्यावर अणी असलेली ही घडण जर्मनांकडून इंग्रजांनी उचलली, इंग्रजांकडून संस्थानांनी. तलवारीचा घाव अणीवरून निसटावा, असं म्हणे. तलवारी गेल्या, अणी राहिली. नकलेत फक्त चकाकी वाढली. अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात भारताची फौज संस्थानात शिरली, तेव्हा वडिलांना याच टोपानिशी एका पुलावर उभं केलं. लोखंडी टोप अंमलदारांपुरतेच होते. ठिपका आहे तिथे त्या दिवशी भोक पडलं.

तेव्हापासून सात वर्षं पेडगावचे किशनराव पाटील दसऱ्याला टोप नेतात आणि तो घालून घोड्यावरून सीमोल्लंघनाला निघतात. आमची मेंढरं त्यांच्या रानात चरतात, म्हणून आई देत आली. गेल्या वर्षी टोप फडक्यात गुंडाळून परत आला, भोक बुजवून. मी पाहिलं. आईला सांगितलं नाही.

आज खंडेनवमी. आईनं मेंढरं कातरायच्या कातरीला भंडारा लावला आणि टोपाचं फडकं सोडलं, तेवढ्यात पाटील आले.

"अंबाबाई, द्या टोप. औंदा वर मोरपीस लावायलोय."

"भोक का बुजवलंत?" मी विचारलं.

ते हसले. "मास्तरीणबाई, लोकं म्हणायले, पाटलाचा टोप उंदरानं कुरतडला. कासाराकून डाग देऊन घेतला. झालं."

"त्या भोकातून शिरलेल्या गोळीनंच माझे वडील गेले."

"म्हणून तर मिरवतो. न्हाईतर निजामाच्या शिपायाला आता कोण इचारतंय?"

आई दरवर्षी त्या भोकाच्या कडेला भंडारा लावत असे. तिचं पिवळं बोट पत्र्यावरून फिरत राहिलं. मागं, पुढं, पुन्हा मागं. मग ठिपक्यावर थांबलं.

पाटलांनी हात पुढे केले.

"मेंढरं उद्याच राणीसावरगावला नेते, माझ्या भावाकडं," आई म्हणाली. "टोप न्हाई मिळायचा, पाटील."