पिठाच्या डब्यातला फोन

तुर्सुनअली-ओतांनी नंबर शोधला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन कानाला लावणार, एवढ्यात ओयदिननं ओल्या हातानंच तो अलगद काढून घेतला.

"ओता, नको ना."

सुनेनं सासऱ्याच्या हातातली वस्तू काढून घ्यावी, असं मर्गिलानमध्ये कुणी कधी पाहिलं नसेल. ओतांच्या मांडीवर बसलेल्या तिच्या लेकीला, परीजादला, मात्र हा नवा खेळ वाटला आणि तिनंही दोन्ही हात पुढं केले.

"अगं केलिन, सूनबाई, एक शब्द टाकायचाय फक्त," ओता म्हणाले. "मन्नोप शाळेत माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा. त्या विजेच्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरचा तो साहेब. उद्या तुमची परीक्षा घेणारही तोच. मी नुसतं म्हणणार, आमची मुलगी आहे, लक्ष ठेव."

"आणि ते ठेवतील, ओता. तीच तर भीती आहे."

त्यांना ते समजायला वेळ लागला नाही. लग्नानंतरच्या वर्षी त्यांच्याच शब्दावर ओयदिनला एका गॅरेजमध्ये जागा मिळाली होती. फर्गान्याच्या कॉलेजातून गाड्यांच्या विजेचं शिक्षण घेऊन आलेली मुलगी, पण गॅरेजवाल्यानं तिच्या हातात कधी पाना दिला नाही. "तुर्सुनअलींच्या सुनेचे हात काळे केले तर मी त्यांना तोंड काय दाखवू?" असं म्हणून त्यानं तिला गल्ल्याशेजारी खुर्ची दिली, उशी दिली, हिवाळ्यात शेगडी दिली. ती दिवसभर गिऱ्हाइकांना चहा ओतायची. परीजाद पोटात राहिली तेव्हा ते काम सुटलं आणि तिला हायसं वाटलं.

"मला तिथं आत जायचंय," ती खाली बघत म्हणाली, "पण तुमची सून म्हणून नाही. एकदा बघू दे ना, मला येतंय का ते. नाही आलं तर नाही."

ओतांनी द्राक्षवेलीकडं पाहिलं, नातीच्या टाळूवर हनुवटी टेकली. आयुष्यभर त्यांनी बसडेपोत इंजिनं दुरुस्त केली. निवृत्त होताना डेपोनं घड्याळ दिलं, ते कधीच बंद पडलं; ओळखी मात्र चालू राहिल्या. लग्नाला चांगला ढोलवाला हवा, म्हातारीला दातांचा डॉक्टर हवा, जुन्या गाडीला दार हवं, की माणसं त्यांच्या अंगणात येत. देण्यासारखं त्यांच्याजवळ तेवढंच होतं आणि घरच्या पोरीला तेवढंच नको होतं.

शेवटी त्यांनी समोर अंथरलेल्या दस्तरखानावरची नान उचलली, डोळ्यांना लावली आणि परत ठेवली. फोन करणार नाही, अशी नानची शपथ झाली की विषय संपला.

"पण आज आपल्याकडं गाप आहे," स्वयंपाकघरातून सासूबाईंनी आठवण करून दिली. सालिहा-ओयींना आठवण करून द्यायला भारी आवडायचं.

ओतांनी कपाळाला हात लावला. गाप म्हणजे त्यांच्या वर्गमित्रांची महिन्याची बैठक, दर वेळी वेगळ्याच्या घरी. पाळी बदलता येत नाही, बदलली तर माणसं वर्षभर टोमणे मारतात. आणि रीत अशी, की पाहुणे बसले की घरच्या सुनेनं दारात येऊन वाकून सलाम करायचा आणि पहिला चहा ओतायचा. मन्नोपनं आजवर तिला लग्नात, ओढणीआडच पाहिलं होतं; आज चेहरा पाहिला की झालं. उद्या शब्द टाकायची गरजच राहणार नाही.

"मी लपते," ओयदिन म्हणाली.

"स्वतःच्या घरात?" सासूबाई हसल्या. पण हसता हसता त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला जाड पडदा लावलासुद्धा.

संध्याकाळी माणसं जमली. ओयदिन पडद्याआड कढईजवळ बसून कोशिंबिरीसाठी गाजराचे काप सारखे करत होती. पुलाव तिनंच रांधला होता, पण बाहेर नेला सासूबाईंनी. चहाही त्यांनीच ओतला. वर्गमित्रांत हमदम-अकांचा आवाज सगळ्यांत मोठा. त्यांनी पगडीचं सूत स्वस्त झाल्यापासून जावयाच्या घोरण्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. मग मन्नोप-अकांचा थकलेला आवाज आला.

"उद्या विजेच्या गाडीवर पोरांची परीक्षा आहे. महिनाभर फोन ठेवायची सोय नाही बघा. कुणाचा भाचा, कुणाचा मेव्हणा. आज सकाळी न्हाव्यानं गळ्याला वस्तरा लावून विचारलं, माझ्या पुतण्याचं काय?"

"मग काय म्हणालास?"

"वस्तरा काढ म्हणालो, मग बोलू." सगळे हसले. "सगळ्यांना नाहीच म्हणालोय. एकच माणूस असा आहे, की त्याला मला नाही म्हणता येणार नाही." आवाज खाली आला. "तुर्सुन, कापसाच्या शेतात माझा पाय मोडला तेव्हा तू मला पाठीवर घेऊन चिखलातून रस्त्यापर्यंत आलास. इतक्या वर्षांत तू काही मागितलं नाहीस. कुणी असेल तुझं तर आत्ताच सांग, बाबा. उद्या मग माझे हात बांधलेले असतील."

ओयदिनच्या हातातली सुरी थांबली. सकाळी किती ठाम होती ती! आणि आता पडद्याच्या या बाजूला तिचं मन हळूच म्हणालं, सांगा ना, ओता. एकदाच. कॉलेज सोडून इतके दिवस झाले, मधे बाळंतपण झालं, रात्री पुस्तक उघडलं की परीजाद जागी व्हायची. उद्या हातच चालला नाही तर? तिला स्वतःचीच लाज वाटली, तरी कान पडद्यालाच लागले होते.

बाहेर कुणीतरी चहाचा प्याला खाली ठेवला.

"माझं कुणी नाही," ओता म्हणाले. "पुलाव घे, गार होतोय."

ओयदिननं डोळे पुसले. कांद्यानं आलं असेल पाणी, पण कांदा तर मघाशीच चिरून झाला होता. तेवढ्या वेळात परीजाद तिच्या बगलेखालून निसटली आणि पडदा उडवून थेट पाहुण्यांत जाऊन उभी राहिली.

"अरे, नात! ये ये! हिची आई कुठाय रे? आज सलामाला आली नाही?"

परीजादनं आज्ञाधारकपणे बोट पडद्याकडं केलं. "आई!"

"आजीला आईच म्हणते ती," ओता घाईघाईनं म्हणाले. "तिची आई... रिश्तानला गेलीय. माहेरी."

बैठकीत सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. गापच्या दिवशी घरची सून माहेरी? लेकीला सोडून? हमदम-अकांनी घसा खाकरला, कुणीतरी "अल्ला बरं करो" पुटपुटलं आणि त्यानंतर सगळे ओतांशी इतके मऊ बोलायला लागले, की जणू घरात दुखवटाच आहे.

पाहुणे गेल्यावर सासूबाई पडदा ओरबाडून काढत म्हणाल्या, "ताप आलाय म्हणायचं होतंत! खोकला म्हणायचं होतंत! माहेरी? सगळ्या गावाला वाटलं असेल, सून रुसून गेली."

"सुचलं नाही," ओता म्हणाले. त्यांनी खिशातून फोन काढला, बंद केला आणि बायकोच्या हातात दिला. "हा कुठंतरी ठेव. निकाल लागेपर्यंत मी मागितला तरी देऊ नकोस. माझा माझ्यावर भरवसा नाही."

सासूबाईंनी तो फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात खोल खुपसला.

सकाळी सेंटरच्या दारात सगळ्यांचे फोन एका पेटीत जमा झाले. ओयदिनचं नाव पुकारलं ते वडिलांच्या आडनावानं. मन्नोप-अकांनी मान वरही केली नाही. त्यांच्याशेजारी ताश्कंदहून आलेल्या पाक आडनावाच्या दुसऱ्या परीक्षक, पाकबाई, बसल्या होत्या. बारीक केस, बारीक ओठ, चेहऱ्यावर काहीच नाही.

"गाडी चालू होत नाही," बाई म्हणाल्या. "का, ते सांगा. घड्याळ सुरू."

ओयदिननं आधी रबरी हातमोजे चढवले, मग मोठ्या बॅटरीचा प्लग ओढून बाजूला ठेवला. आधीचा मुलगा नेमका तिथंच घाई करून बाहेर पडला होता. तिनं तपासणीचं यंत्र जोडलं. पडद्यावर दोषांची रांगच लागली: ब्रेक, स्टिअरिंग, चार्जिंग, दिवे. जणू गाडीला नखशिखांत दुखत होतं. कुठून सुरुवात करायची?

तेवढ्यात मन्नोप-अकांचा फोन वाजला. पेटीत फक्त परीक्षार्थींचे फोन होते, साहेबांचा नव्हता. आणि हमदम-अकांचा आवाज ऐकायला फोन कानाला लावावा लागत नाही.

"मन्नोप! आम्ही रिश्तानला आलोय, तुर्सुनच्या सुनेची समजूत काढून तिला परत न्यायला. हलवा आणलाय, शुभाचं पांढरं कापड आणलंय. पण पोरगी इथं नाहीच रे! आलेलीच नाही! तिची आई ऊर बडवतेय. तुर्सुनचा फोन बंद, सुनेचा कुणी उचलत नाही, तिचा नवरा ट्रक घेऊन घाटात, त्याला रेंज नाही. माणसं चारी दिशांना पाठवलीत. तू पोलिसांत कुणाला ओळखतोस?"

मागून एका बाईचा हुंदका ऐकू आला. आईचा हुंदका ओयदिननं गर्दीतही ओळखला असता.

घड्याळ चालू होतं. मान खाली घालून काम पुरं करायचं, एवढंच तर होतं. नंतर आईला सांगता आलं असतं. तिनं मीटरचा प्रोब उचललाही. पण परीजाद एकदा बाजारात गाठोड्यांमागं दडून बसली होती, त्या दोन मिनिटांत तिचं स्वतःचं काय झालं होतं, ते तिला आठवलं.

"अका," ती म्हणाली, "माणसांना परत बोलवा. मी हरवले नाही. मी इथं आहे."

मन्नोप-अकांनी तिच्याकडं पाहिलं, मग फोनकडं, मग पुन्हा तिच्याकडं. "तू? तुर्सुनची...? म्हणजे काल तो पडदा..."

"मी आतच होते."

त्यांनी फोन पुढं केला. रबरी मोज्यांत तो नीट धरता येईना. "आई, मी बरी आहे. भांडण नाही गं. परीक्षेला आलेय." त्यावर आई जे बोलली ते हमदम-अकांपेक्षाही मोठ्यानं होतं आणि त्यात "गाढवा" तीनदा आलं.

मन्नोप-अका उठले. खुर्ची सरकवली. "पाकबाई, आता माझी नजर सरळ राहिली नाही. हिचा निकाल तुम्ही एकट्यांनी लावायचा. मी बाहेर बसतो." दारात थांबून ते स्वतःशीच म्हणाले, "माझं कुणी नाही म्हणे! शहाणाच आहे."

"फोनवर गेलेला वेळ मी परत देणार नाही," पाकबाई म्हणाल्या.

"नका देऊ."

गंमत म्हणजे आता तिला हलकं वाटत होतं. लपायचं काही उरलं नव्हतं. तिनं दोषांची रांग पुन्हा पाहिली आणि तिला परीजाद आठवली: पोट धरून, कान ओढत, पाय आपटत रडणारी, आणि दुखायचा असायचा एकच दात. कॉलेजातल्या सरांनीही हेच शिकवलं होतं. सगळे दोष एकदम आले, तर ते सगळे जिथं एकत्र येतात तिथं बघ. तिनं दिवे लावले आणि छोट्या बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत मीटर धरला. काटा हलू नये तिथं हलला. बोटांनी तारेमागोमाग जात ती चाकावरच्या आवरणाखाली पोचली. अर्थिंगचा नट सैल होता, मुद्दाम करून ठेवलेला.

"हा," ती म्हणाली.

पाकबाई वाकून बघत होत्या. "मग घट्ट कोण करणार? मी?"

दुपारी ओयदिन घरी आली तर अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. रिश्तानहून आलेली सगळी मंडळी कालचा पुलाव खात बसली होती. आई सासूबाईंशी भांडून झाल्यावर आता त्यांच्याच शेजारी बसून त्यांच्याच ताटातलं खात होती. समजुतीसाठी आणलेला हलवा परीजादच्या कोपरापर्यंत पोचला होता.

"आली बाबा, रुसलेली!" हमदम-अका ओरडले. "आम्ही तुझ्यासाठी अर्धं खोरं पालथं घातलं, पोरी. सासरा मात्र द्राक्षं मोजत बसला होता."

ओता उठले नाहीत. काय झालं, असंही त्यांनी विचारलं नाही. तिनं समोर येऊन वाकून सलाम केला, तसे ते तिच्या हातांकडं बघत राहिले. हातमोजे काढल्यावर नट तिनं उघड्या हातांनी आवळला होता. नखांत काळं बसलं होतं, मनगटावर ग्रीसचा पट्टा होता.

"चहा ओतायला नाही ना सांगितलं कुणी?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, ओता. सोमवारपासून यायला सांगितलंय. जुन्या कपड्यांत या म्हणाल्या बाई."

अल्लाचे आभार मानत ओतांनी दोन्ही तळवे वर करून चेहऱ्यावरून फिरवले, सगळ्यांनी फिरवले. मग ते बराच वेळ अस्वस्थपणे खिसे चाचपत राहिले. ओयदिनला कळलं. ती स्वयंपाकघरात गेली, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यातून फोन काढून आणला. फुंकर मारली तर परीजादच्या भुवया पांढऱ्या झाल्या.

"आता एक फोन करू का?" ओतांनी विचारलं. आवाज अगदी लहान मुलासारखा होता. "नुसतं सांगायला."

"करा की," ती म्हणाली. "हव्या तितक्या जणांना करा."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पिठानं माखलेल्या पडद्यावर बोट फिरवलं. पहिला नंबर कुणाचा लावावा, या विचारात ते पडले. मग सरळ यादीच्या अगदी वरच्या नावापासून त्यांनी सुरुवात केली.