तुराटीचं बूच

प्लंबर गुरुसिद्धप्पाने स्टुलावर चढून गिझरखाली हात घातला आणि तसाच थांबला. मग पान्याच्या टोकाने त्याने काहीतरी हळूच ठोकून पाहिलं.

"अमृतभाऊ, बटन बंद हाय न्हवं?"

"मघाशीच बंद केलंय. का?"

"हितं बूच मारलंय कुणीतरी."

बाथरूमच्या दारात नातीला खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या मुक्ताबाई तिच्या पाठीवर थोपटू लागल्या. पोर चांगली टकामका बघत होती, थोपटायची काहीएक गरज नव्हती. पण खाई त्याला खवखवे म्हणतात ते काय उगाच? बूच त्यांनीच मारलं होतं.

आता त्यांना तरी दोष कसा द्यायचा? अख्खा जन्म सोलापुरात गेला. नळाला पाणी येणार ते दिवसाआड नाही, चार-चार दिवसांआड. आलं की हंडे, कळशा, पातेली, पुरणाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायचं. अशा बाईच्या डोळ्यांदेखत गिझर तापला की बुडाच्या पितळी व्हॉल्व्हमधून टिपटिप सुरू व्हायची. त्यांना बघवेना. त्यांनी तुरीच्या काटकीचा, तुराटीचा, एक तुकडा तासला, त्याला चिंधी गुंडाळली, व्हॉल्व्हच्या तोंडात ठोकला आणि टाकीला लावून उरलेलं एमसील वरून थापलं. गळकी घागर, गळका नळ, गळकी टाकी, आजवर सगळं त्यांनी असंच बंद केलं होतं. थेंबही पडेना, तेव्हा स्वारी स्वतःवरच खूश झाली होती.

कालपासून मात्र गिझर घरघरायला लागला. आज सकाळी सुनेने, राजश्रीने, नळ सोडला तर पाण्याआधी वाफच फिस्कारत आली.

"पाणी तापलं की फुगतंय," गुरुसिद्धप्पा पकडीने एमसील सोलत म्हणाला. "फुगलेलं पाणी जाणार कुटं? ह्या तोंडातनं गळतंय ते गळायलाच पायजे. त्यात तुमचा थर्मोस्टॅट बी क्षारानं गेलाय, वेळेवर बंद हुईना. कुकरची शिट्टी दाबून धरल्यागत झालं की हे. टाकी फुटली असती, ओ. आन् खाली कोण असतं तर..."

खाली कोण असतं ते मुक्ताबाईंना ठाऊक होतं. रोज सकाळी तिथेच पाटावर बसून, पाय लांब करून, त्या नातीला पायांवर निजवून न्हाऊ घालत. राजश्री टॉवेल घेऊन दारात उभी असे.

त्या आंघोळीपुरताच आता त्यांचा दिवस उरला होता. स्वयंपाक सुनेकडे गेला, देवपूजाही गेली. गेल्या आठवड्यात त्यांनी दुधाची बाटली उकळायला ठेवली आणि विसरल्या. रबर वितळून घरभर वास सुटला. तेव्हा अमृतने बजावलं होतं, "आई, आता एक जरी गडबड झाली ना, तर पोरीची आंघोळ तुझ्याकडून बंद." नुसतं बजावून थांबला नाही, बाळाच्या आंघोळीचा गुलाबी टब आणून दारामागे उभा केला.

"कुणी केलं हे?" अमृतने विचारलं. विचारताना तो आईकडेच बघत होता.

"मी."

राजश्री स्वयंपाकघरातून आली होती. हाताला कणीक होती.

"पाणी वाया जायलं होतं, म्हणून लावलं."

"तू? एवढी शिकलीसवरलेली तू, आणि तुला कळत नाही?"

"चुकलं," ती म्हणाली आणि बोटांची कणीक काढत राहिली.

खरं सांगायचं तर मुक्ताबाईंना आधी हायसं वाटलं. वाचलो बाई, असंच वाटलं. मग मात्र मन खाऊ लागलं. ह्या पोरीला पोरगी धड धरता येत नाही, असं त्यांनी शेजारच्या सोनालीला कालच ऐकवलं होतं, तेही ही आतल्या खोलीत असताना.

गुरुसिद्धप्पाने जुना व्हॉल्व्ह काढला. आत चुन्यासारखा पांढरा थर बसला होता. नव्याच्या आट्यांवर टेप गुंडाळून त्याने तो घट्ट बसवला, थर्मोस्टॅट बदलला, व्हॉल्व्हच्या तोंडाला पाईप जोडून खाली बादलीत सोडला.

"महिन्यातनं एकदा ही दांडी उचलून पाणी सोडत जावा, म्हंजे क्षार धरणार न्हाय. आन् पाईपाच्या तोंडाला कुणी हात लावायचा न्हाय. गळू द्या. बादलीतलं पाणी फरशीला वापरा की."

तो गेला. गिझर तापू लागला, बादलीत पहिला थेंब पडला. राजश्रीने नेहमीसारखा पाट मांडला, टॉवेल घेतला आणि दारात जाऊन उभी राहिली. मुक्ताबाई बसल्या नाहीत.

"अमृत, इकडं ये. ते बूच माझं. तुराटी माझी, एमसील माझं. हिला एमसील कुटं ठेवलंय ते बी ठाऊक न्हाय."

अमृतने बायकोकडे पाहिलं. मग त्याची नजर दारामागच्या टबाकडे गेली.

"तू काय म्हणणार ते कळलंय मला," मुक्ताबाई म्हणाल्या. "टब राहू दे तिथंच."

त्यांनी पाट गिझरखालून ओढून समोरच्या भिंतीला लावला.

"राजश्री, बस. पाय लांब कर."

"मी? आई, मला नाही जमायचं."

"मला तरी कुटं जमत हुतं? ह्याच्या वेळी माझ्या सासूनं पोराला हात लावू दिला न्हाय. मी आपली दारात उभी."

राजश्री बसली. मुक्ताबाईंनी नातीला तिच्या पायांवर निजवलं, डोकं पावलांकडे. सुनेचा हात धरून पोरीच्या मानेखाली नेला आणि तिथेच थोडा वेळ दाबून ठेवला. पोर रडली नाही.

मुक्ताबाईंनी कोपराने पाणी बघितलं, तांब्या भरून सुनेच्या हातात दिला. मग टॉवेल उचलून त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, रोज राजश्री उभी राहायची तिथे.