आईचं आमेन

माझ्या बायकोने, हेमलतेने, मठाचा नियम घ्यायचं ठरवलं तेव्हा मला हसू आलं. करोल बागेत भाव विचारून दुकानदाराचं उत्तर यायच्या आत पुढच्या दुकानात पोचणारी ही बाई. पण आम्हा कॅथलिकांना संसारात राहूनही मठाशी स्वतःला बांधून घेता येतं. अशांना ऑब्लेट म्हणतात. वर्षभर उमेदवारी करायची, रोज ठरलेली स्तोत्रं म्हणायची, मग वेदीपुढे वचन द्यायचं. हिचं वचन रविवारी होतं आणि त्यासाठी मठातले फादर दिल्लीला आले होते.

वर्षभर रोज संध्याकाळी ती आतल्या खोलीत दार लावून स्तोत्रं म्हणायची. एक झालं की गॅस बघायला बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मन लागत नाही म्हणून स्वतःवरच चिडायची, आणि दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये तो राग जायला माझ्याशिवाय जागा नव्हती.

अडचण एवढीच की ती वेळ माझ्या आईच्या जपमाळेची. लकव्यानंतर आईच्या बाकी प्रार्थना गेल्या, 'नमो मरिया' तेवढी उरली. पूर्वी सासूसुना मिळून माळ म्हणायच्या, मण्यागणिक एक 'नमो मरिया'. पहिली अर्धी प्रार्थना हेमलतेची, उरलेली आईची. नियम सुरू झाल्यावर हेमलतेने आईला मोबाइलवर माळ लावून दिली. त्यातल्या बाईचा आवाज गोड होता. सुटलो, असं मलाही वाटलं.

शनिवारी मोबाइल चालू होता, पण आई गप्प होती. माळ उशीखाली. मी विचारलं, बरं नाही का?

"ती बाई थांबत नाही रे," आई एकेक शब्द ओढत म्हणाली. "माझं आमेन व्हायच्या आत पुढची सुरू करते. कधीच सोडली मी."

हेमलता नेमकी गॅस बघायला बाहेर आली होती. तिचा चेहरा उतरला. तिने तडक फादरना फोन लावला आणि उद्या येत नाही म्हणून सांगितलं. फादर म्हणाले, सासूबाईंना घेऊनच ये, आणि यापुढे आधी त्यांच्याबरोबर माळ, मग जमेल तेवढी स्तोत्रं. ते ऐकून ती जास्तच भडकली.

"एवढं सोपं होतं, तर वर्षभर दार लावून मी कुणाशी बोलत होते?"

तरी सकाळी तिनेच आईला व्हीलचेअरवर बसवलं.

रविवारी चर्चमध्ये फादरनी तिचं नाव पुकारलं. ती उठली, वेदीपर्यंत गेली, वचनाचा कागद हातात घेतला आणि तशीच मागे फिरली. ती आईच्या व्हीलचेअरशेजारी जमिनीवर बसली आणि 'नमो मरिया' म्हणू लागली. आपली अर्धी म्हणून थांबली.

आई अडखळत, श्वास घेत म्हणत होती. मागे कुणीतरी खाकरलं. लग्नापासून मी हेमलतेला इतकं स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

आईचं आमेन झालं. आता ही वचन वाचायला उठेल, असं सगळ्यांना वाटलं. तिने दुसरी 'नमो मरिया' सुरू केली, आणि फादर मुकाट्याने खुर्चीत बसले.