दहापर्यंत मोजायचं

मी सासऱ्यांच्या हातात दोन पानं ठेवली तेव्हा ते खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. ठकी पलंगावर पालथी पडून चादरीचा कोपरा चघळत होती. मऊ भात किती वाजता, पाणी किती घोट, टोपी कधी घालायची, झोपेला आली की कान कशी ओढते, सगळं मी पानांवर लिहिलं होतं.

"वाचतो," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं शांतपणे वाचली, खिशातून पेन काढलं आणि दोन ठिकाणी वेलांट्या दुरुस्त केल्या.

"अहो बाबा, शुद्धलेखन नका बघू, मजकूर बघा."

"मजकूरच बघतोय. 'रडली तर लगेच मला हाक मारा' हे वाक्य चार वेळा आलंय. तीन काढू?"

"एकही काढू नका."

चाळीस वर्षं ते छापखान्यात मुद्रितं तपासत होते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात आयुष्य गेलं. घरात मात्र लंगोट कुठल्या फडताळात ठेवतात हेसुद्धा ह्यांना ठाऊक नव्हतं, असं सासूबाई होत्या तेव्हा हसून सांगायच्या. स्वतःच्या मुलाला त्यांनी एकदाही अंघोळ घातलेली नव्हती. आणि परक्या देशात, दोन दिवस, माझी अकरा महिन्यांची मुलगी मी ह्याच माणसाच्या मांडीवर देणार होते.

खरं तर मी येणारच नव्हते. ठकी सात आठवडे आधी जन्मली. पहिले नऊ दिवस काचेच्या पेटीत होती आणि मी पेटीबाहेर बसून तिचे श्वास मोजत होते. ती घरी आली तरी माझं मोजणं काही थांबलं नाही. अकरा महिन्यांत मी तिला वीस मिनिटांपेक्षा जास्त कुणाकडे दिलं नव्हतं, तिच्या बापाकडेसुद्धा नाही. तो प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासतो, दिवसभर हात धुतो, तरी घरी आल्यावर मी त्याला पुन्हा हात धुवायला लावते. बिचारा धुतो.

मग एक दिवस कॅप्टनचा फोन आला. आमची कॅप्टन दातांची डॉक्टर आहे. समोरच्याला एक शब्द बोलू देत नाही, ती सवय तिथलीच. "ए ससा, ऐक. मिश्र गटाची स्पर्धा आहे, शनिवार-रविवार. सहा बायका लागतात, पाचच आहेत. तू ये."

"माझी मुलगी..."

"तिला पण आण. मैदान काय कुणाच्या बापाचं आहे?"

ससा मी लग्नाआधीपासूनची. पळायचे म्हणून. आता स्वयंपाकघरातून पाळण्यापर्यंत पळते, तेवढंच. मी घरी जेवताना सहज म्हणून फोनचं सांगितलं. नवऱ्याला रजा मिळणार नव्हती, म्हणजे विषय तिथेच संपला असता. पण बाबांनी ताटातून मान वर केली आणि म्हणाले, "मी येतो की बरोबर." नवरा आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो.

फ्रिस्बीचा हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका बाजूला सात जण. डिस्क एकमेकांकडे टाकत मैदानाच्या टोकाच्या पट्टीत झेलली की एक गुण. डिस्क हातात असताना पळायचं नाही. समोर उभा राहणारा प्रतिस्पर्धी मोठ्याने एक ते दहा मोजतो, तो दहा म्हणायच्या आत डिस्क टाकावी लागते, नाहीतर ती त्यांची. पंच नसतो. चूक झाली तर ज्याची त्याने सांगायची. आणि मिश्र गटात काही गुणांना चार पुरुष-तीन बायका, तर काही गुणांना चार बायका-तीन पुरुष.

ह्या शेवटच्या नियमानेच माझा गळा धरला. निघायच्या आदल्या दिवशी एकीचा व्हिसा अडकला. शनिवारी सकाळच्या पहिल्याच सामन्यात दुसरीचा घोटा मुरगळला. राहिलो चार. म्हणजे चार बायकांचा गुण आला की आम्हा चौघींना मैदानात उतरणं भागच. माझ्या जागी जायला कुणीच नाही.

शनिवारी मी काय खेळले ते विचारू नका. बाबा ठकीला घेऊन मैदानाच्या कडेला, एका झाडाखाली, घडीच्या खुर्चीत बसले होते. दोन सामन्यांच्या मध्ये मी धावत जाऊन तिला पाजायचे, कपाळाला हात लावायचे, परत यायचे. तोवर ठीक होतं. पण आमच्या संघाचं ठरलेलं होतं, की डिस्क असलेल्या माणसासमोर उभं राहताना त्याची डावी बाजू अडवायची. त्याला उजवीकडेच टाकायला लावायचं, तिकडे आपली माणसं तयार असतात. आता डावी बाजू अडवून उभं राहिलं, की माझी पाठ नेमकी झाडाकडे यायची. मी "एक, दोन" म्हणत सुरुवात बरोबर करायचे आणि पाचपर्यंत येता येता बोट-बोट सरकत अशी वळायचे की झाड दिसायला लागायचं. मला ते कळतही नव्हतं. समोरच्याला मात्र बरोबर कळायचं. डावीकडे दार उघडं. तीन गुण असे गेले.

संध्याकाळी कॅप्टनने बुटातली माती झाडत विचारलं, "ससा, तू कुणाला अडवत होतीस गं?"

"चुकलं माझं."

"चुकलं नाही. तू मुलगी बघत होतीस." ती रागावली असती तर बरं झालं असतं. "हे बघ, ठरव. बघत बसायचं असेल तर उद्या झाडाखाली बस, आम्ही सहा जण खेळू. हरू, पण निदान कुठून हरतोय ते तरी कळेल."

आमच्यातला सर्वांत उंच म्हणून ज्याला लंबू म्हणतात तो पाण्याची बाटली तोंडाला लावून म्हणाला, "असं हरलो तर सोळांत सोळावे. एवढं विमानाने येऊन!"

खोलीवर परतताना बाबा माझ्या बाजूने चालत होते. ठकी त्यांच्या खांद्यावर झोपली होती. मी मान वाकडी करून तिचा श्वास बघितला, तशी ते चालता चालता थांबले, माझं बघून होईपर्यंत, आणि मग पुन्हा चालू लागले. दिवसभरात ते असे कितीदा थांबले असतील ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

रविवारी शेवटचा सामना अकराव्या क्रमांकासाठी होता. हसू नका, आमच्यासाठी तो अंतिम सामनाच होता. समोरचा संघ तिथलाच. त्यांच्यातल्या एका बाईशी माझी जोडी लागली, म्हणजे तिला मी अडवायचं, मला तिने. माझ्याच वयाची, केस घट्ट बांधलेले, गुडघ्याला पट्टा. पळायला माझ्यापेक्षा हळू, पण डिस्क अशी टाकायची की बघत राहावं.

नऊ-नऊ झालं आणि वेळ संपल्याची शिट्टी झाली. आता एकच गुण, जो करेल तो जिंकला. गुण चार बायकांचा. आम्ही चौघी एकमेकींकडे बघून पट्टीवर उभ्या राहिलो. आमच्यातली कॉलेजात शिकणारी, जिला सगळे पिटुकली म्हणतात, ती कानात कुजबुजली, "ताई, मला उलटी होईल असं वाटतंय."

"होऊ दे, पण पळता पळता."

डिस्क आमच्याकडे होती. चार-पाच पास झाले. लंबूच्या हातात आली. पिटुकली मोकळी सुटली, पट्टीकडे निघाली. लंबूने हात मागे नेला. आणि माझ्या मागून रडण्याचा आवाज आला. श्वास कोंडून मग फुटतो तसला, उंच.

मी ओरडले, "स्टॉप!"

ह्या खेळात कुणाला लागलं तर कुणीही असं ओरडायचं आणि सगळ्यांनी आहे तिथे उभं राहायचं. सगळे थांबले. लंबूचा हात मात्र सुटलेला होता. डिस्क गेली, पिटुकलीने पट्टीत झेलली आणि दोन्ही हात वर करून नाचायला लागली. मग तिला दिसलं की बाकी कुणीच नाचत नाहीये.

"कुणाला लागलं?" त्यांच्या कॅप्टनने विचारलं.

मी वळून पाहिलं. झाडाखाली ठकी बाबांच्या छातीवर गाढ झोपलेली. बाबांनी मला बघून एक हात हळूच वर केला. ठीक आहे.

रडत होतं दुसरंच एक बाळ, दहा पावलांवर, एका दाढीवाल्या माणसाच्या कडेवर.

"ते माझं आहे," माझ्याशी जोडी असलेली बाई म्हणाली. इंग्रजी तिचंही तोडकं, माझंही तोडकं. "बापाजवळ आहे. रडेल, थांबेल." तिने खांदे उडवले. पण तिचे डोळे तिकडे एकदा जाऊन आले, ते मी बघितलं. मला सोडून कुणी बघितलं नसेल.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "कुणालाही लागलेलं नाही. मला वाटलं माझी मुलगी. माझी चूक."

खेळ थांबल्यानंतर टाकलेली डिस्क धरत नाहीत. गुण गेला. डिस्क परत लंबूकडे.

"ससा, अगं काय हे!" लंबूने डोक्याला हात लावला. "जिंकलो होतो गं आपण!"

"गप रे," कॅप्टन म्हणाली. ती माझ्याजवळ आली, अगदी जवळ, दातात काही अडकलंय का बघावं तशी. "आता सांग. बाहेर जायचंय? जा. खरंच, मी काही म्हणणार नाही. पण मैदानात राहिलीस तर पूर्ण राहा."

जावं असं मला इतकं वाटलं की पाय उचललासुद्धा. झोपलेलीच तर होती ती. पण झोपेतही काही होतं, पेटीतली मुलं झोपेतच... मी झाडाकडे बघितलं. बाबा ठकीच्या पाठीवर तळहात ठेवून बसले होते. हात तिच्या श्वासाबरोबर वर जात होता, खाली येत होता. त्यांची नजर खेळावर नव्हती, माझ्यावर नव्हती, त्या हातावर होती. ते मोजत होते की नाही मला माहीत नाही. पण मी तिथे जाऊन ह्याहून वेगळं काय केलं असतं?

"राहते," मी म्हणाले.

खेळ सुरू झाला. लंबूने पुन्हा लांब टाकली, पण आता त्यांची माणसं सावध होती. एकाने उडी मारून डिस्क जमिनीवर पाडली. म्हणजे ती त्यांची. दोन पासात ते आमच्या पट्टीपाशी आले आणि डिस्क आली नेमकी गुडघ्याला पट्टा असलेल्या त्या बाईकडे. समोर मी.

मी डावी बाजू अडवली. पाठ झाडाकडे.

"एक. दोन."

ती डावीकडे वाकली, मीही वाकले. "तीन. चार."

मागे बाळ रडायला लागलं.

ह्या वेळी मला कळेना कुणाचं. तिलाही कळलं नसावं, कारण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. आम्ही दोघी समोरासमोर, मध्ये हातभर अंतर. तिला झाड दिसत होतं, मला नव्हतं. तिच्या डोळ्यांत बघून कळलं असतं कदाचित. मी तिच्या हाताकडे बघत राहिले.

"पाच. सहा." माझा आवाज फाटला. मी आणखी जोरात म्हणाले, "सात." पाय सरकले नाहीत. ते माझेच पाय, मलाच त्यांचं नवल वाटलं. "आठ."

"सोडू नको, ससा!" कॅप्टन ओरडली.

"नऊ."

तिने टाकली. उजवीकडे, जिकडे टाकायला हवी तिकडेच. आणि आमची पिटुकली, उलटी होईल म्हणणारी, कुठूनशी आडवी झेपावली आणि गवतावर घसरत डिस्क छातीशी धरून उठली. मग मी पळाले. सगळेच पळाले. कॅप्टनकडून माझ्याकडे, माझ्याकडून लंबूकडे, आणि पट्टीत परत पिटुकली. ती नाचली नाही. आधी चहूकडे बघून खात्री करून घेतली की कुणी ओरडलेलं नाही, आणि मग खालीच बसली.

लंबूने मला उचललं. "अकरावे! जगात अकरावे!"

"सोळांत अकरावे. खाली ठेव मला."

सामना संपला की दोन्ही संघ मिसळून एक गोल करतात, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून. प्रत्येक कॅप्टन समोरच्या संघाविषयी चार शब्द बोलते. पाच-सात मिनिटं जातात. मी गोलात उभी राहिले. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, घामाने ओला. रडणं थांबलेलं होतं. "कुणाचं होतं?" मी हळूच विचारलं. तिने बोट माझ्याकडे केलं.

गोल सुटेपर्यंत मी तिथेच थांबले. मग झाडाकडे गेले. चालत गेले.

ठकी बाबांच्या मांडीवर उभी राहून त्यांचा कान ओढत होती. गालांवर अश्रू वाळलेले, नाक वाहिलेलं, शर्टाचा खांदा ओला. तिने मला बघितलं, हसली आणि पुन्हा कानाकडे वळली. माझ्याकडे झेपावली नाही. मला जरा लागलं ते, खोटं कशाला बोलू.

"खूप रडली का?"

"रडली. दचकून उठली. उभा राहिलो, फिरवली, गाणं म्हटलं."

"तुम्ही गाणं म्हटलंत?"

"म्हणून तर थांबली. घाबरली असेल." त्यांनी बाहीने तिचं नाक पुसलं. धुतलेल्या रुमालाने नाही, बाहीने. मी बघितलं आणि रुमाल शोधायला गेले नाही.

मागून कॅप्टन आली, हातात आमच्या सगळ्यांच्या बाटल्या. "ए ससा, तीन महिन्यांनी पुढची आहे. आत्ताच सांग, नंतर तुझा फोन लागत नाही."

मी गवतावर बसले आणि बूट काढले. तळव्याला फोड आला होता.

"बाबा, तीन महिन्यांनी तुम्हाला जमेल?"

"मला काय," ते कान सोडवून घेत म्हणाले, "मी मोकळाच असतो. हिला विचार."