तिसरं ‘नको’

“शर्टाला दोन खिसे हवेत. अक्काच्या पोळ्या एका खिशात मावत नाहीत,” आरशापुढे गुंड्या लावता लावता हंबीरराव पुटपुटले.

चंदनाबाई पाठीशीच उभ्या होत्या. बंगळूरच्या शिवाजीनगरातलं ते घर एवढं आटोपशीर, की कुणाची कुरकुर कुणापासून लपायची सोय नव्हती.

“लपवता कशाला? सरळ नको म्हणून सांगा.”

“तू सांग की!”

“मी? बहीण तुमची आहे!”

हा संवाद दर सणाला व्हायचा आणि इथंच थांबायचा. आज तर हंबीररावांची साठी! दारात तोरण, गल्लीभर वेलदोड्याचा वास, आणि स्वयंपाकघरात रत्नाबाई. हंबीररावांची ही थोरली अक्का पहाटेच्या बसनं देवनहळ्ळीहून आली होती. दोन्ही हातांत पिशव्या, पिशव्यांत चिरोटे, करंज्या, डिंकाचे लाडू. आल्या आल्या पदर खोचून तिनं पुरण शिजायला टाकलं होतं.

“अगं चंदना, बघ, बघ कशी फुगली! चेंडू झालाय नुसता!” तव्यावरची पोळी पाहून रत्नाबाई लहान मुलीसारख्या ओरडल्या. “माझा हंबीर पाच खाईल बघ आज.”

चंदनाबाई हसल्या. हसू मात्र ओठांवरच राहिलं.

कारण हंबीररावांना साखरेचा आजार होता. पाडव्याच्या जेवणानंतर ते घेरी येऊन पडले, तेव्हा सगळ्यांनी उन्हाला बोल लावला. आता डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. गोड बंद झालं नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अक्काला काय सांगितलं होतं? चप्पल चावली!

त्यांची लेक अक्षरा कोरमंगलातल्या कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. तिनं आईला मागच्या दारी गाठलं.

“अम्मा, आत्याला आजतरी सांग.”

“सरी, बरं, मी सांगते. मग नातलग काय म्हणतील? भावजयीनं नणंदेचा घास नाकारला! तुझ्या अप्पांची आई लवकर गेली. अक्कानं त्यांना भरवून वाढवलं. ते सांगत नाहीत, आणि मी कोण सांगणार?”

“वा! अप्पांना आत्याला दुखवायचं नाही, तुला नातलगांना दुखवायचं नाही. म्हणजे सगळ्यांची मनं सांभाळली आणि पाय मात्र अप्पांचा जाणार! अम्मा, त्याला माया म्हणत नाहीत. भिडस्तपणा म्हणतात.”

चंदनाबाई स्वयंपाकघरात वळल्या. ओट्यावर पडलेलं पीठ त्या उगाच पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या.

पंगत बसली. वाढायला अर्थातच रत्नाबाई. या घराण्याचा एक नियम होता, आणि तो रत्नाबाईंनी मोठ्या अभिमानानं पाळला होता. पहिलं ‘नको’ म्हणजे लाज. दुसरं ‘नको’ म्हणजे रीत. आणि तिसरं ‘नको’ आलं, की आणखी एक वाढूनच पुढं सरकायचं!

पहिली पोळी हंबीररावांनी खाल्ली. दुसरी निम्मी खाल्ली, निम्मी रुमालात गेली. तिसरी आली.

“नको अक्का.”

“लाजतोय!” अक्का म्हणाल्या. पंगत हसली.

“खरंच नको.”

“स्वल्प, हंबीरराव, थोडीशीच!” शेजारचे देवाप्पा पानावरून ओरडले. “साठी एकदाच येते!”

“नको गं अक्का...”

“झालं! तिसरं आलं!” टाळ्या पडल्या. पोळी पानात पडली आणि तिच्यावर रत्नाबाईंनी तुपाची धार धरली.

ती धार पोळीवर पडलीच नाही! चंदनाबाईंनी झटकन पुढं होऊन नवऱ्याच्या पानावर हात आडवा धरला होता. कढत तूप त्यांच्या हातावर सांडलं.

“अगं बाई! भाजलं की!”

“भाजू द्या अक्का. यांना साखर आहे. अंगठ्याला चप्पल चावलेली नाही. जखम भरत नाहीये. अशानं पाय जाईल यांचा!”

रत्नाबाईंनी तुपाचं भांडं खाली ठेवलं.

“आणि हे मला आज सांगताय?”

“तुला वाईट वाटेल म्हणून,” हंबीरराव खाली मान घालून म्हणाले.

“माझ्या वाईट वाटण्यापायी पाय घालवणार होतास? गाढवा! मी तुला जगावं म्हणून भरवत होते रे!” त्यांनी त्या पानातली पोळी स्वतःच्या हातानं उचलली. मग खाली बसून चंदनाबाईंचा हात आपल्या पदरानं पुसू लागल्या. “तू तरी आधी का नाही बोललीस? मी काय वाघ आहे?”

“नणंद आहात,” चंदनाबाई म्हणाल्या. रडत होत्या, तरी हसू आलं.

“अप्पा, तुम्हीही चुकलात,” अक्षरा म्हणाली. “एकदाच स्पष्ट नको म्हणायचं आणि ऐकणाऱ्यानं एकदाच ऐकायचं. आत्या, पोळी करणं प्रेमाचं आहेच. पण समोरच्याचं नको ऐकणं हेही प्रेमच नाही का? आपण माणसाच्या पोटात अन्न ढकलतो आणि त्याला पाहुणचार म्हणतो!”

मंडळी, सांगा, आपल्यापैकी कुणाच्या घरी हे होत नाही? रुमालात पोळी गेली नाही, असं घर दाखवा! करा की पुरण, तळा करंज्या, बोलवा सगळ्यांना! पण आग्रह करायचाच, तर माणसानं आपल्याजवळ राहावं म्हणून करा. पानातल्या पदार्थापेक्षा पानावरचा माणूस मोठा.

त्या दिवशी रत्नाबाईंनी भावाला कोशिंबीर वाढली, पालेभाजी वाढली, ताक दिलं. मग चंदनाबाईंनी त्यांना हाताला धरून बसवलं आणि त्यांच्यापुढे पान मांडलं. गरम पोळी, वर तूप. वाढून वाढून थंड झालेली पोळी शेवटी खायची सवय असलेल्या रत्नाबाई त्या वाफेकडे बघतच राहिल्या.

संध्याकाळी त्या रिकामे डबे पिशवीत भरू लागल्या. यजमान गेल्यापासून देवनहळ्ळीच्या घरात त्या एकट्याच होत्या. भोवतालच्या शेतांचे प्लॉट झाले, ओळखीचे शेजारी पांगले. एवढे डबे भरून त्या दर सणाला का धावत येतात, हे सगळ्यांना कळत होतं. बोलत कुणी नव्हतं.

“अक्का, इथंच राहा आता. आमच्याजवळ,” चंदनाबाई म्हणाल्या.

“नको गं, उगाच...”

“आत्या, नीट विचार करून बोला हं,” अक्षरानं बोट उगारलं. “आजपासून या घरात पहिलंच नको खरं धरणार!”

रत्नाबाईंनी हातातला डबा खाली ठेवला.

“मग नाही म्हणत नको! राहते मी. एकटीला ते घर खायला उठतं गं.”